दुसऱ्या सॅक्सोफोनचं पाकीट

“आधी पानं मोज, मग चहा. अकरा जण, अकरा पाकिटं. एक पान जरी कमी भरलं तरी कुणाला खोलीबाहेर सोडू नकोस. चिडले तर चिडू देत. कागद बाहेर गेला की गाणं गेलं, एवढं ध्यानात ठेव.”

यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी शनिवारी दुपारी तालीम संपली की हा आवाज ताईंच्या कानाशी यायचाच. आणि ताई मोजायच्या. मोजलेलं पाकीट मग ज्याचं त्याच्या हवाली, आठवडाभर घरी सराव करायला. तालीम गादीवाल्यांच्या गोदामात चाले. भिंतींना टेकून उभ्या केलेल्या गाद्या आवाज गिळून टाकत, त्यामुळे शेजाऱ्यांची कटकट नसे. गादीवाले स्वतः पियानोवर बसत. बाकीचे कुणी वाद्य पुसतंय, कुणी घाम पुसतंय आणि ताई एका पालथ्या खोक्यावर बसून एकेक पाकीट उघडतायत, हे दृश्य सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

“ताई, माझं एक पान मी खाल्लं हो आज,” ट्रम्पेट वाजवणारे डॉक्टर हटकून म्हणत. ते दातांचे डॉक्टर होते.

“पचेल तुम्हाला. दात चांगले आहेत,” ताई मान वर न करता म्हणत आणि पुढचं पाकीट उघडत.

बँडला यंदा वीस वर्षं पूर्ण होत होती. यजमान पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, पण जीव सगळा जुन्या स्विंगमध्ये. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं ते नाचाचं संगीत, पितळी वाद्यांचं, पाय थाऱ्यावर राहू न देणारं. ते परत जिवंत करायचं असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी बांधणी करायची, म्हणजे कुठल्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते ठरवून एका मोठ्या कागदावर मांडायचं, आणि ताईंनी त्यातून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद उतरवून काढायचा. ताई तेव्हा नकाशांच्या कचेरीत नकाशे गिरवायच्या. हात असा की रेघ हलायची नाही. “ताईंच्या हातचं म्हणजे छापील,” असं सगळे म्हणत.

पहिल्या वर्षी सहा जण होते आणि ऐकायला बायकामुलं. मग गावात नाचाचे वर्ग निघाले, तरुण पोरंपोरी पट्ट्यांची विजार आणि दोन रंगांचे बूट घालून हिंडू लागली आणि यांचे दिवस पालटले. आठवड्याला दोन-दोन कार्यक्रम. एका बूट कंपनीच्या जाहिरातीतही तीस सेकंद झळकले. सातव्या वर्षी एक सीडी निघाली. मग जशी आली तशी ती लाट ओसरली. नाचणाऱ्यांची लग्नं झाली, गुडघे धरले. बँड लग्नात वाजवू लागला, निरोप समारंभांत वाजवू लागला, एकदा तर फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला सोफ्यांच्या अधेमधे उभं राहून वाजवलं. त्यातच यजमान गेले. ताईंचा धाकटा भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा. शाळेत गणित शिकवणारा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं बँड हातात घेतला आणि कसाबसा तगवला. आता दोन-तीन वर्षांत पुन्हा नवी पोरं स्विंगवर नाचू लागली होती आणि तीन आठवड्यांवर नाट्यगृहात विसाव्या वर्षाचा कार्यक्रम होता.

त्या कार्यक्रमात यजमानांची शेवटची बांधणी पहिल्यांदा वाजणार होती. आजारपणात अंथरुणावर बसून त्यांनी ती पुरी केली होती. आजवर कुणी ऐकलेली नव्हती. ती वाजावी, आपल्याच माणसांनी वाजवावी आणि त्याआधी तिला कुणाचा हात लागू नये, एवढंच ताईंना आता हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

झालं असं, की मास्तरांची मुलगी एका सकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात शिरली. ही बँडची गाणारी. तिनं फोन ताईंच्या नाकासमोर धरला.

“आत्या, ऐक, ऐक! ती नवी पोरं आहेत ना, त्यांचा बँड. बघ काय वाजवतायत!”

फोनवर चार-पाच पोरं एका अंगणात उभी होती आणि वाजवत होती ‘लिफ्ट बंद आहे’. यजमानांचं स्वतःचं गाणं. पहिल्या वर्षी उभा बास हे माणसाएवढं अवजड वाद्य पाच मजले खांद्यावर चढवावं लागलं, त्या रागात त्यांनी रचलेलं. अर्ध्या मिनिटाचाच तुकडा होता, दुसऱ्या फेरीचा. ताईंनी पातेल्याखालचा गॅस बंद केला.

“पुन्हा लाव.”

दुसऱ्या फेरीत दुसरा सॅक्सोफोन पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो आणि शेवटच्या पायरीवर खाली टेकायच्या ऐवजी एक सूर वरच अडखळतो. यजमानांनी तसं लिहिलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी पानं उतरवताना ताईंच्या हातून चुकलं होतं, आयुष्यात एकदाच. पहिल्या तालमीला ते ऐकून यजमान आधी दचकले, मग खो खो हसले. “राहू दे. पायरी चुकल्यासारखं वाटतंय, गंमत येतेय.” ती चूक राहिली. ती फक्त दुसऱ्या सॅक्सोफोनच्या पाकिटातल्या पानावर होती, जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

आणि फोनमधली ती मुलगी सॅक्सोफोनवर तोच सूर वाजवत होती. तसाच अडखळून.

“छान वाजवतात ना?” भाची म्हणाली.

“छान,” ताई म्हणाल्या. “तुला कुठून मिळालं हे?”

“अगं, मी जाते ना कधीकधी त्यांच्या नाचाला. ओळख आहे.”

“ओळख आहे,” ताई म्हणाल्या आणि पुन्हा गॅस पेटवला.

संध्याकाळी त्यांनी भावाला गाठलं. तो वह्या तपासत बसला होता.

“अरे, आपल्यातलं कुणीतरी कागद बाहेर देतंय.”

मास्तरांनी लाल पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून म्हणाले, “एका सुरावरून? सीडीवरून उचललं असेल गं.”

“सीडीवर तो सूर तुला येतो का ऐकू? खरं सांग.”

सीडीत वर तीन पितळी वाद्यं बोंबलत असतात, खाली ड्रम. मधला तो सॅक्सोफोन म्हणजे गर्दीत पुटपुटणारा माणूस.

“मला नाही येत. मी लिहिलाय म्हणून माहीत आहे एवढंच,” ताई म्हणाल्या. “कान तिथवर पोचत नाही, कागदच पोचतो.”

“योगायोग असेल.”

“योगायोगानं असं चुकत नाही रे. ती चूक माझी आहे.”

“मग काय करू? अकरा जणांची झडती घेऊ? वीस वर्षांची माणसं आहेत, ताई. कार्यक्रम तोंडावर आलाय.”

“तू काही करू नकोस. मी बघते.”

बघायचं म्हणजे काय, ते ताईंनी दोन दिवस मनात घोळवलं. सकाळच्या नेमात त्यांचं चित्त लागेना. ओठ चालत होते आणि मन एकेकाच्या घरात शिरून कपाटं उचकत होतं. पानं तर कधीच कमी भरली नव्हती. म्हणजे कुणी गायब केली नव्हती, उतरवून घेतली होती. कुणी?

डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात झेरॉक्सचं मशीन आहे. तालमीला उशिरा येतात, लवकर जातात, आणि एवढे विनोद कशाला करतात?

भाची. फोन सदा हातात. त्या पोरांशी ओळख. घरचंच माणूस, पण घरच्या माणसाला कपाटाची जागा ठाऊक असते.

आणि घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करून म्हातारे झालेले, सत्तरीचे, वीस वर्षं दुसरा सॅक्सोफोन वाजवणारे. एकदाही पुढे येऊन एकट्यानं वाजवलं नाही, एकदाही तक्रार नाही. नाकासमोर चालणारा माणूस. पण ते पान त्यांच्याच पाकिटातलं. शिवाय ते तालमीला अर्धा तास आधी येऊन बसत, पान समोर ठेवत आणि खिशातून एक छोटी वही काढून तीत काहीतरी टिपत. ताईंनी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. आता ती वही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटच्या बांधणीची पानं उतरवायची बाकीच होती. ताई मेजाशी बसल्या. आठ जणांची पानं त्यांनी नेहमीसारखी उतरवली. उरलेल्या तिघांच्या पानांत त्यांनी एकेक सूर बदलला. डॉक्टरांच्या पानात वेगळ्या ठिकाणी, भाचीच्या पानात वेगळ्या, घड्याळकाकांच्या पानात वेगळ्या. चोर जे देईल ते त्याच्या खुणेसकट बाहेर जाईल. पोरांच्या बँडनं हे वाजवलं, की ज्याची खूण ऐकू येईल तो सापडला. तिसऱ्या पानाशी हात क्षणभर थांबला. शेवटी शेवटी यजमानांच्या हाताला कंप होता, मूळ कागदावरचे सूर मुंग्या धावल्यासारखे दिसत होते. त्यातला एक आपण हातानं फिरवतोय. “आपल्याच भल्यासाठी आहे,” ताई मोठ्यानं म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

शनिवारी गोदामात पानं वाटली गेली. यजमानांचं नाव घेऊन मास्तरांनी काठी उचलली आणि खाली आणली. बांधणी सुरू झाली. ताई खोक्यावर बसून ऐकत होत्या. ऐकत होत्या म्हणण्यापेक्षा टपून बसल्या होत्या.

डॉक्टर आपल्या खुणेशी आले आणि पानावर नसलेला सूर वाजवून गेले, म्हणजे यजमानांनी लिहिलेला, बरोबर तोच.

“डॉक्टर, पानावर बघताय ना?” ताईंनी न राहवून विचारलं.

“पानावर कशाला बघू? परीक्षेला बसलोय का? इथं असाच येणार, कानाला कळतं,” डॉक्टर म्हणाले आणि ट्रम्पेटमधली थुंकी झटकली.

भाचीनंही खूण ओलांडली. वडिलांनी घरी गाऊन शिकवलं होतं, पान तिच्या हातात नुसतं फडफडत होतं.

मग सॅक्सोफोन आले. आणि घड्याळकाकांनी जे लिहिलं होतं ते वाजवलं. स्पष्ट, ठाम, पूर्ण श्वासानं. गोदामभर तो सूर खड्यासारखा लागला.

मास्तरांनी काठी वाजवली. “काका, तिथं काय झालं?”

“चुकलं वाटतं.”

पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. डॉक्टर हसले, “काका, घड्याळ पुढे गेलं का?” दोघं-तिघं हसले. काका चष्मा काढून पुसू लागले. तिसऱ्यांदा त्यांनी पानाजवळ वाकून वाजवलं आणि पुन्हा तोच सूर आला.

“बघू पान,” मास्तर उठले.

पण मास्तर पोचायच्या आत काकांनी पान पालथं केलं आणि वर हात ठेवला.

“पानाचं काही नाही, मास्तर. ताईंच्या हातचं आहे ते. ताईंचं चुकत नाही. माझंच बघण्यात काहीतरी होतंय. घरी नीट बसवून आणतो.”

आणि ते ताईंकडे बघून, माफी मागितल्यासारखं, थोडं हसले.

तेव्हा ताईंनी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांना वाटलं, पान का लपवतायत? दाखवायचं का नाही? वहीत उतरवून झालंय म्हणून? त्या गप्प बसल्या. तालीम संपल्यावर पानं मोजली. पुरी भरली.

पुढच्या तालमीला घड्याळकाका आलेच नाहीत. त्यांच्या जागी त्यांची सून आली, ऑफिसमधून तशीच, खांद्याला पर्स आणि हातात दुसऱ्या सॅक्सोफोनचं पाकीट. ती दारातूनच ताईंना खुणेनं बाहेर बोलावू लागली. दोघी गोदामाच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आत ट्रॉम्बोन गुरगुरत होता.

“बाबांनी परत द्यायला सांगितलंय. आता जमत नाही म्हणतात.”

“बरं नाही का त्यांना?”

“बरे आहेत हो. आठवडाभर ते एकच पान घेऊन बसले होते. मग डोळे तपासून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात इतके चांगले डोळे मी पाहिले नाहीत. त्यावर बाबा आणखीच खचले. म्हणतात, डोळे चांगले असून चुकतंय म्हणजे डोकं गेलं. वाद्य कपाटावर टाकलंय, वर चादर.” तिनं पर्समधून ती छोटी वही काढली. “आणि हीसुद्धा दिलीय. पुढे जो कुणी येईल त्याच्या उपयोगी पडेल म्हणाले.”

ताईंनी वही उघडली. आत सूर नव्हता, एकही नव्हता. नुसते आकडे. गाण्याचं नाव आणि खाली आकडे: चार, सोळा, आठ, चार. पानामागून पान.

“हे काय आहे?”

“किती ठोके गप्प बसायचं ते. दुसऱ्या सॅक्सोफोनला गप्पच फार बसावं लागतं म्हणे. दर तालमीआधी पाठ करत असत.” मग हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही खरं सांगा. तुम्हाला कळतं त्यातलं. त्यांच्या वाजवण्यात खरंच बिघाड झालाय का? म्हणजे आम्ही दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे... घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळे त्यांच्यावर नजर ठेवतोय. काल चहात साखर दोनदा घातली तर माझ्या नवऱ्यानं डोकं धरलं. एरवी आम्ही हसलो असतो.”

“मी येते घरी,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः येऊन सांगते त्यांना.”

“नक्की?”

“नक्की. वचन देते.”

पण तो दिवस गेला, दुसरा गेला. काका चोर नव्हते हे वहीनं सांगितलं होतं, पण मग चोर कोण, हा काटा अजून सलतच होता. रिकाम्या हातानं जाऊन काय सांगायचं? की मी तुमच्या पानात खोटा सूर घातला, कारण मला तुमचा संशय होता? त्यापेक्षा खरा चोर धरून नेला तर निदान म्हणता तरी येईल, बघा, कुणामुळे हे सगळं झालं. ताईंनी स्वतःला असं समजावलं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यावरून दोनदा उगाच चालत गेल्या. झेरॉक्सच्या मशीनवर फुलदाणी ठेवलेली होती. मशीन कधीचं बंद पडलेलं.

तिकडे मास्तर दुसऱ्या सॅक्सोफोनसाठी माणूस शोधत होते. “मिळत नाही,” ते म्हणाले. “नाही मिळाला तर भावजींची बांधणी यंदा सोडून द्यावी लागेल. ती खुर्ची रिकामी ठेवून ते वाजतच नाही.”

पुढच्या रविवारी सकाळी त्या नव्या पोरांचा कार्यक्रम होता, एका ग्रंथालयाच्या सभागृहात. “चल ना आत्या,” भाची म्हणाली, आणि तिला वाटलं होतं त्याच्या उलट, आत्या झटकन तयार झाली. ताई तिच्याकडे बघत रिक्षात बसल्या. चेहऱ्यावर काही दिसतंय का. काही दिसत नव्हतं, नुसता आनंद.

पोरं सात होती. चौथं गाणं ‘लिफ्ट बंद आहे’. पहिली फेरी गेली. दुसरीत तो सूर आला, ताई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. मग पुढे सगळी वाद्यं एकदम थांबतात, चार ठोक्यांची शांतता असते. त्या शांततेत ड्रमवाल्या पोरानं एका रिकाम्या डब्यावर काठी टाकली. ठण्ण. आणि मग बारीक, टिक टिक टिक.

ताईंना पहिल्यांदा कळेनाच, आपण हे काय ऐकतोय ते. मग भाचीनं त्यांचा दंड धरला आणि तोंडावर हात दाबून हसू लागली. “आत्या! डॉक्टरकाकांची वाटी!”

सीडी बनवली त्या दिवशी ऐन शांततेत डॉक्टरांच्या मांडीवरून ट्रम्पेटच्या तोंडाला लावायची पत्र्याची वाटी पडली होती आणि घरंगळत गेली होती. स्टुडिओची वेळ संपत आली होती, पुन्हा वाजवायला सवड नव्हती. ते तसंच राहिलं. यजमान महिनाभर डॉक्टरांशी बोलले नव्हते.

ती वाटी कुठल्याच कागदावर नव्हती. ताईंनी ती कधी लिहिली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर त्या सरळ सॅक्सोफोनवाल्या मुलीपाशी गेल्या. विशीतली, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

“हे गाणं तुम्हाला कुणी दिलं?”

“दिलं नाही कुणी, मावशी. माझ्या बाबांकडे जुनी सीडी होती. कॉम्प्युटरवर निम्म्या वेगानं लावायची आणि ऐकायचं. एकेक वाद्य. मला माझं पान पुरं करायला तीन महिने लागले.” तिनं खुर्चीवरचं पान दाखवलं. पेन्सिलनं लिहिलेलं, खोडून खोडून फाटत आलेलं. “हा एक सूर आहे ना, याच्यामागे पाच आठवडे गेले.”

“तो चुकीचा नाही वाटला?”

“वाटला ना! पण म्हटलं, वाजवणारा बघ किती ठाम वाजवतोय. ज्याला शंका असते तो असा वाजवत नाही. मग हे बरोबरच असणार.” ती ताईंकडे निरखून बघू लागली. “तुम्ही ओळखता का त्यांना? आम्हाला एकदा भेटायचंय. सीडीवर त्यांचं नाव शेवटून दुसरं आहे.”

“ओळखते,” ताई म्हणाल्या.

येताना रिक्षात भाची बडबडत होती. ताईंनी मध्येच तिचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. कशासाठी ते तिला कळलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही. दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. वीस वर्षं कागद मोजले, आणि गाणं मात्र कागदाला न विचारता केव्हाच बाहेर पडलं होतं, लोकांच्या घरी जाऊन राहिलं होतं. चोर धरायचा म्हणून बसल्या होत्या, आणि सगळ्या खटाटोपात एकच खोटं काम झालं होतं, ते ज्यानं केलं तो हात मांडीवर पडला होता.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन करून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

“म्हणजे त्या दिवशी मी पान बघायला उठलो तेव्हा तुला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि आम्ही हसत होतो.”

“हो.”

“मी सांगू का काकांना? म्हणजे जरा गोड करून. उतरवताना चुकलं म्हणून.”

“नको,” ताई म्हणाल्या. “गोड नको करायला. त्यांच्या सुनेला शब्द दिलाय मी, स्वतः येते म्हणून. आठ दिवस झाले.”

“आणि ते नाही आले परत तर?”

“तर नाही आले. पण चहात साखर दोनदा पडली तर घरात हसू तरी देत.”

सोमवारी सकाळी ताईंनी स्नान केलं, नेम केला. आज ओठ आणि मन एका जागी होते, जड होते, पण एका जागी. दुसऱ्या सॅक्सोफोनच्या पाकिटातून त्यांनी ते पान काढलं. नवं लिहून नेता आलं असतं, पण त्यांनी नेलं नाही. त्याच पानावर, आपण बदललेल्या सुराभोवती, त्यांनी लाल पेन्सिलनं एक गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘हे मी केलं.’ शाई असो की पेन्सिल, त्यांचं अक्षर कधी हलत नसे. आज थोडं हललं.

पान वहीत ठेवलं, वही पिशवीत. गॅसचं बटण पुन्हा एकदा पाहिलं, पाण्याचा नळ पाहिला. शेजारच्या काकू दारात केर काढत होत्या.

“सकाळीच कुठे निघालात ताई?”

“एका ठिकाणी जायचं राहिलंय,” ताई म्हणाल्या आणि चपला घालून, पिशवी छातीशी धरून, रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालू लागल्या.